नियम आधी सांगा : बेने इस्राएल विश्वस्त मंडळींना खुले पत्र

प्रति,
मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी ज्यू समाजाच्या) सिनेगॉगांचे, म्हणजे प्रार्थनाघरांचे, विश्वस्त, मुकादम (समाजप्रमुख), गबाई (खजिनदार) आणि समाजसंस्थांचे पदाधिकारी यांस

सप्रेम शालोम.

दर वर्षी तुमच्या सर्वसाधारण सभेची नोटीस येते. छपराची दुरुस्ती, कब्रस्तानाची भिंत, जुन्या भाडेकरूंचे दावे, इस्रायलहून येणाऱ्या पाहुण्यांची सोय असे विषय त्यात असतात आणि ते असायलाही हवेत. पेणचं सिनेगॉग 1863 चं, रेवदंड्याचं त्याहून जुनं. त्यांची डागडुजी कुणीतरी पाहायलाच हवी. पण ज्या मुलांनी पुढे या इमारतींत उभं राहून तोरा, म्हणजे आपला धर्मग्रंथ, वाचायची, त्यांची लग्नं कशी जुळायची हा विषय मी आजवर एकाही नोटिशीत वाचलेला नाही. ‘आयत्या वेळचे विषय’ यातसुद्धा नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मी रायगडातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. आमच्या बाजूची बरीचशी स्थळं माझ्या फोनवरून इकडची तिकडे होतात. जमलं तर मिठाईचा पुडा येतो, फिसकटलं तर बोलणी मला बसतात. तेव्हा मी लिहिते आहे ते ऐकीव नाही, एवढं धरून चाला.

‘संख्याच उरली नाही, त्याला आम्ही काय करणार’ हे तुमचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे. संख्या घटली हे खरंच. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास आपण वीस हजारांच्या घरात होतो. 2011 च्या जनगणनेत बेने इस्राएल, कोचिनी, बगदादी आणि बाकीचे सगळे धरूनही भारतातले ज्यू पाच हजार भरले नाहीत. त्यातले बरेचसे मुंबई-ठाण्यात. किहीमकर, नवगावकर, पेझारकर, रोहेकर, आष्टमकर ही आडनावं ज्या गावांवरून पडली, त्यातल्या कितीतरी गावांत आता आपलं एक घरही नाही. याला तुम्ही जबाबदार नाही. पण जी मुलं आहेत त्यांना एकमेकांना नीट भेटता येत नाही, आणि भेटून काही ठरवलंच तर समाज आपल्याशी कसा वागेल हे त्यांना आधी कळत नाही, याला तुम्ही जबाबदार आहात.

अलिबागच्या इस्राएल आळीत किंवा रेवदंड्यात वाढलेला मुलगा घ्या. शाळा-कॉलेजात त्याच्या वर्गात दुसरा ज्यू नसतो. आपल्यातल्या ज्या मुली त्याला माहीत असतात त्या लहानपणापासून मलिद्याच्या, म्हणजे प्रेषित एलियाहू हनाबीच्या नावाने होणाऱ्या प्रसादाच्या, ताटाभोवती त्याच्यासोबत बसलेल्या. कुणी मावसबहीण, कुणी चुलत्याच्या साडूची मुलगी. आपल्यात आते-मामे भावंडांची लग्नं होत असत. आमच्या आईच्या पिढीपर्यंत त्यात कुणाला वावगं वाटलं नाही, आणि तोरातही त्याला मनाई नाही. आताची मुलं मात्र सरळ सांगतात, “मावशी, आम्ही एका पाटावर बसून जेवलोय, तिच्याशी लग्न कसं करू?” डॉक्टरही हेच सांगतील. मुलांचं काही चुकत नाही.

मग राहिले मुंबई-ठाण्याचे कार्यक्रम. हनुक्काचा मेळावा, सिम्हात तोराची रात्र, तरुणांची सहल. ते ठरवताना रात्री साडेनऊला संपणाऱ्या कार्यक्रमातून रेवदंड्याची मुलगी घरी कशी जाणार, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येतो का? मांडव्याची लाँच संध्याकाळी आटोपते आणि पावसाळ्यात बंदच असते. एसटीने निघालं तर वडखळच्या ट्रॅफिकमध्ये रात्र जाते. म्हणजे तिने मुंबईत कुणा नातेवाइकाकडे राहायचं, आणि नातेवाईक विचारणार, “कशाला आलीस? कुणाला बघायला?” पनवेलकरांचं लोकलमुळे बरं आहे, बाकीच्यांचं नाही.

पण अंतर ही लहान अडचण. खरी अडचण नकार देण्याची आहे, आणि याबद्दल आपल्यात कुणी बोलत नाही.

दोन माणसांना एकमेकांचा अंदाज यायला निदान चार-सहा भेटी लागतात, आणि त्यानंतर नको वाटलं तर बिनधास्त नाही म्हणता आलं पाहिजे. आपल्या लहान गावांत मुलगा-मुलगी समुद्रावर एकदा चहा प्यायले की संध्याकाळी आईला फोन, “काय, ठरलं का?” दुसऱ्यांदा दिसले की लग्न लावणाऱ्या हजानला तारीख विचारायची तयारी. ओमेरच्या सुतकी दिवसांत लग्न लागत नाही, बिरड्याच्या रोजाच्या, म्हणजे मंदिरविध्वंसाच्या उपासाच्या, आधी लागत नाही, मग कधी, याचीही चर्चा होऊन जाते. पोरांनी अजून एकमेकांना आवडतं पुस्तकही विचारलेलं नसतं. आणि तिने नाही म्हटलं तर? तोच मुलगा, त्याची आई आणि त्याची आत्या तिला दर शब्बाथला (शनिवारच्या प्रार्थनेला), दर मलिद्याला, दर मयताला भेटणार आहेत. जिथे पाच-सात घरं आहेत तिथे नकार एका मुलाला नसतो, निम्म्या समाजाला असतो. मी एका मुलीचं पाहिलं आहे. तिने सभ्यपणे नकार कळवला आणि त्यानंतर दोन वर्षं ती दरफळणीच्या सणालाही (योम किप्पूरच्या मोठ्या उपासालाही) सिनेगॉगात आली नाही. तिला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. म्हणायची गरज पडली नाही.

आता विचार करा. हीच मुलगी कॉलेजातल्या किंवा बँकेतल्या एखाद्या परजातीच्या मुलाबरोबर फिरली आणि जमलं नाही, तर ते कुणाला कळत नाही. कुणाच्या आत्याचं तोंड वाकडं होत नाही. पोरं बाहेर प्रेम करतात ती समाजाचा राग म्हणून नाही. बाहेर चुकायला मोकळीक असते, आपल्यात नसते. ‘मुलं धर्म विसरली’ असं व्यासपीठावरून म्हणण्याआधी याचा विचार व्हावा.

त्यात आपल्याकडे आणखी एक प्रश्न आहे, जो शेजारच्या आगरी, माळी किंवा मुसलमान घरात स्थळ पाहताना कुणी विचारत नाही. पहिल्या भेटीत, पगाराच्याही आधी, मुलगी किंवा तिचा बाप विचारतो, “जाणार की राहणार?” इस्रायलला. मुलाचे दोन काका अश्दोदला, एक बहीण बेर शेवाला, पण आईवडील इथे, नारळाची वाडी इथे. तो खरं उत्तर देऊ शकत नाही, कारण त्यालाच ते ठाऊक नसतं. ‘जाईन’ म्हटलं तर इथेच राहू इच्छिणारी मुलगी मागे सरते. ‘राहीन’ म्हटलं तर जिच्या घरचे कागद तयार आहेत ती म्हणते, मग कशाला? असं मोडलेलं स्थळ मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता बायोडेटा पाठवतानाच हा मुद्दा फोनवर बोलून घेते.

आणि जो खरोखर राहणार आहे, त्याचे हाल वेगळेच. कोकणात आज कुठल्याही जातीच्या गावाकडे राहणाऱ्या मुलाला बायको मिळत नाही, मुलींना मुंबईत नाहीतर निदान पनवेलात घर हवं असतं. आपला मुलगा त्याच पंगतीत, वर त्याला समाजातलीच हवी. या मुलांपैकी काहींच्या हाती तुमच्या सिनेगॉगांच्या किल्ल्या आहेत. इस्रायलहून बस आली की तेच दार उघडतात, तेवा (तोरा वाचायचा चौथरा) दाखवतात, तारू फुटून आपल्या पूर्वजांची सात जोडपी किनाऱ्याला लागली ती नवगावची गोष्ट सांगतात, फोटोला उभे राहतात. पाहुणे मोठ्या मनाने डब्यात पैसे टाकतात. त्या मुलाचं वय चाळिशीकडे झुकलं आणि तो अजून एकटा आहे, हे डब्याचा हिशेब घेताना कुणाच्या ध्यानात येत नसेल?

आता बाहेर ठरलेल्या लग्नांबद्दल. पत्राचा मुख्य मुद्दा हाच.

आमच्या भागात मुलामुलींनी बाहेर लग्न करणं ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. ती रीतसर होतात, 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली. तीस दिवसांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागते, म्हणजे मुकादमांच्या आधी अर्ध्या गावाला कळतं. मग ते दोघं किंवा त्यांचे आईवडील सिनेगॉगाच्या दारी येतात. त्यांचे प्रश्न साधे असतात. आशीर्वादाची प्रार्थना म्हणाल का? बायकोला घेऊन शब्बाथला यावं का? मुलगा झाला तर आठव्या दिवशी सुंता होईल का, नाव ठेवाल का? बायको मेली तर आपल्या कब्रस्तानात जागा मिळेल का, की तिला वेगळं पुरायचं? पुढे तिकडे जायचं झालं तर तुमचा दाखला मिळेल का?

या प्रश्नांना आज नियम नाही, फक्त माणसं आहेत. एका ठिकाणी ‘या, बसा’ म्हणतात, तिथून पंधरा किलोमीटरवर ‘कमिटीत ठरवू’ म्हणतात आणि कमिटी बसत नाही. एका सिनेगॉगात, नाव लिहीत नाही, माझ्या माहितीतल्या एका जोडप्याला बाळाचं नाव ठेवायला नकार मिळाला. त्याच वर्षी एका पदाधिकाऱ्याच्या नातवाचं नाव तिथेच ठेवलं गेलं, आणि त्याचीही आई आपल्यातली नव्हती. नियम कडक असता तर त्या जोडप्याने सोसला असता. वशिला मात्र कुणी विसरत नाही.

आणखी एक उलटा हिशेब पाहा. आमच्याकडे मुलाने बाहेरची केली तर ‘सून आणली’ म्हणतात. चार महिने कुरबुर, मग ती अनशी धाकाच्या सणाला (पेसाहला) बिनखमिराच्या भाकऱ्या लाटायला बसते, मुलं बापाचं आडनाव लावतात आणि आपली होतात. मुलीने बाहेर केलं तर ती ‘गेली’. तिचं नाव यादीतून जातं, तिच्या पोरांना कुणी बोलवत नाही. पण हलाखा, म्हणजे आपलं धर्मशास्त्र, काय सांगते? वंश आईकडून. म्हणजे जिला आपण घालवलं तिची मुलं हलाखा पाळणाऱ्या कुठल्याही रब्बीच्या (धर्मगुरूच्या) लेखी ज्यू, आणि ज्यांना आपण कौतुकाने मांडीवर घेतलं त्यांना तिकडे धर्मांतर करावं लागणार. आपण धर्म पाळतो आहोत की कोकणातली बापाकडून वंश मोजायची रीत? दोन्हींपैकी काहीही निवडा. पण निवडलंय काय, ते पोरांना सांगा. मुलीला एक माप आणि मुलाला दुसरं, आणि दोन्हींना धर्माचं नाव, हे फार दिवस चालणार नाही.

इस्रायलचा कायदाही कुणी त्यांना नीट समजावत नाही. तिथला परतीचा कायदा 1950 चा. 1970 च्या दुरुस्तीने ज्यूचं मूल, नातवंड आणि त्यांचे जोडीदार यांनाही येऊन नागरिक व्हायचा हक्क मिळाला. हे पोरांना अर्धवट ठाऊक असतं, म्हणून ती म्हणतात, “जायचं झालं तर जाता येतंच.” येतं. पण तिथे नागरी लग्न नाही, ज्यूंचं लग्न रब्बींच्या हाती आहे, आणि रब्बी आईकडे बघतात. त्यामुळे बापाच्या बाजूने ज्यू असलेलं मूल तिथे नागरिक होतं, सैन्यात जातं, आणि लग्न करायची वेळ आली की विमानाने सायप्रस गाठतं. लग्नाआधी ही गोष्ट कळली तर दोघं विचार करतील. काही म्हणतील चालेल, काहींची नवरी आधीच धर्मांतराच्या वाटेला लागेल. त्यासाठीही निकाल देणारं रब्बींचं न्यायमंडळ आपल्याकडे नाही, म्हणजे वर्षानुवर्षांचं काम. सगळं आधी कळायला हवं. मूल दहावीला गेल्यावर कळून काय उपयोग?

तुम्ही म्हणाल, दार उघडं ठेवलं तर समाज विरघळून जाईल. ही भीती खोटी नाही. मीसुद्धा घरात शब्बाथचा दिवा लावते, मलाही वाटतं की नातवंडांनी एलियाहू हनाबीचं गाणं म्हणावं. पण आपण ही भीती ज्या तोंडाने बोलतो ते तोंड आधी आरशात पाहावं. कारण ‘तुझी आजी कोण होती’ हा प्रश्न आपल्याइतका दुसऱ्या कुठल्या ज्यू समाजाने ऐकला असेल असं मला वाटत नाही.

मुंबईत बगदादी ज्यू मंडळी आपल्याला मिन्यानात, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत, धरायला तयार नव्हती. रंगूनला सिनेगॉगात आपल्या लोकांना मताचा हक्क असावा की नाही हे 1930 च्या दशकात कोर्टापर्यंत गेलं, आणि निकाल आपल्या बाजूने लागला. 1962 साली इस्रायलच्या मुख्य रब्बींनी फर्मान काढलं की बेने इस्राएलाचं लग्न दुसऱ्या ज्यूशी लावण्याआधी त्याच्या आईची, आजीची, जितकं मागे जाता येईल तितकी चौकशी करा. का, तर आपल्या पूर्वजांनी घटस्फोट धर्माच्या रीतीने दिले असतील की नाही, आणि बाहेरच्या बायका केल्या असतील की काय, याची शंका. नुकतीच बोटीतून उतरलेली आपली माणसं, कुणी गिरणीतला, कुणी रेल्वेतला, यरुशलेममध्ये धरणं धरून बसली. ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटने (इस्रायलच्या संसदेने) ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत, आणि मग त्या फर्मानातून आपलं नाव निघालं. माझे एक काका त्या धरण्यात होते. ते सांगत, उपाशी बसण्याचं काही वाटलं नाही, पण लग्नाला निघालेल्या पोरीला ‘आजीचा पुरावा आण’ म्हणतात याची आग व्हायची.

आणि घरातलंही लपवू नये. काळे इस्राएल आणि गोरे इस्राएल हा भेद आपणच पाळला. ज्यांच्या मागच्या पिढीत कुठेतरी बाहेरची आई होती त्यांच्याशी सोयरीक नाही, त्यांच्या ताटात जेवण नाही. त्या अभिमानाचं 2016 साली विज्ञानाने काय केलं ते वाचलंत का? बेने इस्राएलांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की आपल्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा अंश निश्चित आहे, तो पुरुषांकडून जास्त आला आहे, आणि आईकडची बाजू मुख्यतः इथलीच, भारतातली. हा मिलाफ सुमारे 19 ते 33 पिढ्यांमागचा. म्हणजे शनवार तेल्यांच्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या, घाण्यावर जी पहिली चूल पेटली ती बहुधा कोकणातल्याच कुणा बाईने पेटवली. तिने शनिवार पाळला, तिने मुलांच्या सुंता करवल्या, तिच्या मुलांनी शेमा ही प्रार्थना पाठ ठेवली, पुढे आंग्र्यांच्या आरमारात गेली तरी शनिवार सोडला नाही. त्या बाईला दारातून परत पाठवलं असतं, तर आज विश्वस्त मंडळाची निवडणूक लढवायला कुणी उरलं असतं का?

हलाखा बदला असं मी म्हणत नाही. तो माझा अधिकार नाही, तुमचाही नाही. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. आशीर्वादाची प्रार्थना होणार नाही, तेवावर बोलावणार नाही, कब्रस्तानात जागा नाही, जे ठरवाल ते. फक्त ते लिहा. मराठीत, दोन पानांत, सगळ्या सिनेगॉगांचं मिळून एकच, आणि दारावर लावा. मुकादमाचा नातू असो की किल्लीवाल्याचा मुलगा, दोघांना तेच. मुलं विसाव्या वर्षी ते वाचतील आणि त्यांना जे करायचं ते डोळे उघडे ठेवून करतील. काही जण तुमच्यावर रागावतील. तो राग निदान सरळ असेल.

त्या दोन पानांत कायद्याचंही थोडं घाला, कारण त्यातही अंधार आहे. आपल्या लग्नाचा वेगळा कायदा या देशात झालेलाच नाही. हिंदू विवाह कायदा आपल्याला लागू नाही, ख्रिस्ती आणि पारशी लोकांचे त्यांचे त्यांचे. कतुबा (लग्नाचा करार) वाचून, ‘योनाती झिव’ हे गाणं म्हणून, अंगठी घालून लागलेलं आपलं लग्न रूढीने मान्य होतं. म्हणून 1998 च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली त्याची सरकारी नोंद करून घ्या, हे हजानने लग्नाच्या दिवशीच सांगायला हवं. आमच्याकडे कितीतरी जोडप्यांनी ती केलेली नाही आणि पासपोर्टच्या वेळी धावाधाव होते. घटस्फोटाचं तर बोलायलाच नको. कोर्टाचा हुकूम मिळाला की मुलीला वाटतं सुटले. धर्माच्या रीतीचा गेट (घटस्फोटाचा लेख) नसेल तर तिकडच्या रब्बींच्या लेखी ती अजून पहिल्या नवऱ्याचीच बायको, आणि तिच्या दुसऱ्या लग्नाच्या मुलांवर मोठं बालंट. 1962 ची बरीचशी भानगड याच मुद्द्यावर उभी होती. साठ वर्षांनंतरही घटस्फोटित मुलीला गेट कुठून, कसा मिळवायचा हे सांगणारा एक माणूस तुम्ही नेमू शकला नाहीत. घटस्फोटित आणि विधवा बायकांची स्थळं माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी मी विचारायला लागले की लोक विषय बदलतात. एके काळी आपल्यात विधवेचं लग्नच लावत नसत, ती सवय अजून पुरती गेलेली दिसत नाही.

भेटीगाठींसाठी पैसे नाहीत असं म्हणू नका. राज्य सरकारने 2016 साली ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तेव्हा पेढे वाटले होते, त्यानंतर त्याचं काय केलं ते एकदा सभेत सांगा. आणि फार पैसे लागतही नाहीत. तू बिश्वातला, झाडांच्या नववर्षाच्या सणाला, अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहू हनाबीच्या रथाची खूण आहे त्या खडकापाशी, मुंबई-ठाण्याहून बसेस येतात. मलिदा होतो, नवस फेडतात, दुपारी सगळे परत. त्या दिवसाला जोडून मागचा किंवा पुढचा एक दिवस तरुणांचा ठेवा. मुंबईच्या मुलांना इथे राहू दे, इथल्यांची घरं पाहू दे, नारळाच्या वाडीत राहणारा मुलगा म्हणजे अडाणी नव्हे हे त्या मुलींना स्वतः कळू दे. रात्रीच्या मुक्कामाची सोय आम्ही घरोघरी करू. अट एकच. चाळिशीच्या पुढचं कुणी तिथे थांबायचं नाही. आत्या नको, मुकादम नको, मीही नको. कोण कुणाशी बोललं याची चौकशी दुसऱ्या दिवशी फोनवर करायची नाही, हे पण त्या दोन पानांत लिहा वाटल्यास.

आणि नियम लिहायला बसाल तेव्हा नेहमीचेच पाच वयस्क पुरुष बसू नका. बाहेर लग्न केलेल्या एका मुलीला बोलवा. बाहेरून येऊन वीस वर्षं सणांच्या भाकऱ्या लाटणाऱ्या एका सुनेला बोलवा. आमच्या गावच्या किल्लीवाल्या मुलाला बोलवा, त्याच्या एसटीचं भाडं मी देईन. त्यांनी सांगितलेलं तुम्हाला पटेल असं नाही, पण त्यांच्यावाचून लिहिलेल्या कागदाला आमच्याकडे कुणी विचारणार नाही.

उत्तर लेखी द्यावं ही विनंती. ‘बाईंना समजावून सांगा’ असा तोंडी निरोप माझ्या भावाकडे पाठवू नये, तो आता नेतान्याला असतो आणि त्याला यातलं काही ठाऊक नाही. नवियाच्या सणाआधी (आपल्या नववर्षाआधी) तुमची सभा होईलच. त्या नोटिशीत हा विषय किती नंबरला आहे, ते मी बघेन.

आपली,
रायगड जिल्ह्यातील एक बेने इस्राएल शिक्षिका